सहा कुंड्या, एकच उपाशी

"सूनबाई, तुझ्या मिरच्यांना कावीळ झाली का काय गं?"

"बघा ना आक्का! दिवाळीनंतर लावल्यात, माघ संपत आला तरी वीतभर उंची नाही. त्यात पानं अशी पिवळी. सासूबाई म्हणतात, दृष्ट लागली."

"दृष्ट लागाया आधी बघण्यासारखं काय तरी पायजे का नको? बरं, आणिक कुणी काय सांगितलं?"

"सगळ्यांनीच सांगितलं. समोरच्या काकू म्हणाल्या, चमचाभर युरिया टाक. जाऊबाई म्हणाल्या, चहाचा चोथा घाल. दुकानदारानं टॉनिकची बाटली दिली. मोबाइलवर एक जण सांगत होता, ताकात हिंग घालून फवारा."

"आन् तू त्यातलं काय केलंस?"

"सगळं."

"आत्ता गं बया! मग पिवळी न्हाय पडणार तर काय करणार? ह्या गावात कावीळ झाली की लोक गळ्यात माळ घालत्यात आन् दवाखान्यात उशिरा जात्यात. तू मिरचीच्या गळ्यात चार माळा घातल्यास."

आक्कांनी दाण्याचं सूप कुंपणाच्या कठड्यावर ठेवलं. म्हणजे आता अर्धा-पाऊण तास त्या हलायच्या नाहीत.

श्रीपूर हे माळशिरस तालुक्यातलं साखरेचं गाव. अकलूजहून निघालेली तुकोबांची पालखी बोरगावकडे जाते ती इथूनच. 1934 साली चंद्रशेखर आगाशे यांनी बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट काढली, तिचा कारखाना इथं उभा राहिला आणि नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर सगळा शिवार उसाचा झाला. आजही हंगामात इथली सकाळ ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगेनं सुरू होते. एकरांत मोजायची सवय असलेल्या गावात कुंडीत मिरची लावणारी पुण्याची सून म्हणजे अर्धं कौतुक, अर्धी करमणूक. आळीत तिला सगळेच सूनबाई म्हणतात.

"त्या बाटलीचे किती घेतले?"

"साडेचारशे."

"साडेचारशेत बाजारात किती मिरची आली असती, हिशोब कर. बरं, कुंड्या इकडं कठड्याजवळ आण. लांबून माझ्या डोळ्याला दिसत न्हाय. आन् आधी मला सांग, पान पिवळं पडतंय ते खालचं का शेंड्याचं?"

"म्हणजे? झाड पिवळं आहे की."

"झाड पिवळं नसतं. पान पिवळं असतं."

एवढ्यात तात्या सायकल हातात धरून चालत आले. सगळं आयुष्य कारखान्याच्या शेतकी खात्यात उसाच्या नोंदी करणारा चिटबॉय म्हणून गेलं. कुणाचा ऊस आडसाली, कुणाचा खोडवा, कुठल्या बांधावरनं कुणाची कोर्टात केस, सगळं तोंडपाठ. मातीचा विषय निघाला आणि तात्या पुढं गेले, असं झालेलं नाही.

"आक्का बरोबर बोलत्यात, सूनबाई," तात्यांनी सायकल स्टँडला लावली. "नत्र, पालाश आन् मॅग्नेशियम ही झाडाच्या अंगात फिरती. कमी पडली की झाड जुन्या पानातनं काढून नव्या पानाला देतं. म्हणून खालचं पान आधी पिवळं. लोहाचं तसं न्हाय. ते एकदा बसलं की जागा सोडत न्हाय. ते कमी पडलं की शेंडा पिवळा आन् खालची पानं हिरवीगार. निम्मं निदान इथंच होतं."

"हे मला त्या दुकानदारानं विचारलंच नाही."

"विचारलं असतं तर बाटली खपली असती का?"

पहिली आली रंगाची वीस लिटरची बादली. गेल्या वर्षी घर रंगवलं तेव्हा उरलेली. खालची पानं पिवळी, दुपारी सगळं झाड मान टाकतं, म्हणून सूनबाई संध्याकाळी परत पाणी घालते.

आक्कांनी बोट दोन पेरं मातीत घातलं आणि नाकाशी नेलं. "वास घे. गटाराचा येतोय. खाली भोकं हायेत का?"

"दोन पाडली होती. बहुतेक बुजली."

"माती कुठली?"

"भाऊजींनी शेतातली आणून दिली. म्हणाले, सोन्यासारखी काळी माती आहे."

"शेतात सोन्यासारखीच हाय," तात्या म्हणाले. "तिथं उन्हाळ्यात वीत-वीत भेगा पडत्यात, त्यातनं हवा खाली जाते. बादलीत तिचा गाळ होतो. ओली झाली की फुगून सगळी बारीक छिद्रं बंद करते. वाळली की आकसून कडा सोडते, मग वरनं ओतलेलं पाणी कडेनंच पळतं आन् मधला गड्डा कोरडा राहतो. दोन्हीकडनं मरण मिरचीचं."

"पण माती ओली असताना झाड सुकतं कसं?"

"मुळाला श्वास लागतो, पोरी. पाण्यात कोंडलं की ते कुजतं. कुजलेल्या मुळाला पाणी वर चढवता येत न्हाय, म्हणून झाड सुकतं. तू समजतीस तहान लागली आन् आणखी पाणी घालतीस. उपट ते झाड."

"उपटू?"

"मेल्यातच जमा हाय, बघून तर घे."

मुळं बाहेर आली ती तपकिरी. चिमटीत धरून ओढली तर साल निसटली आणि आतला दोरा हातात राहिला. आक्कांनी आपल्या वाफ्यातलं एक रोप उपटून शेजारी धरलं. त्याची मुळं पांढरी, ताठ.

"हा फरक ध्यानात ठेव. आता काय करायचं, तर कुजकं मूळ कातरीनं काढ, तापलेल्या सळईनं बादलीला बोटाएवढी पाच-सहा भोकं पाड, खाली दोन विटा ठेव. नवी पालवी फुटंपर्यंत खताचं नाव काढू नको. आठवडाभर सावलीत."

"आन् तळाला चांगली चार बोटं खडी घाला," तात्यांनी भर घातली.

"कशाला? खडीनं पाणी लौकर जात न्हाय, तात्या. मातीच्या बुडाशी पाणी थांबायचं ते थांबतंच, उलट खडीनं मातीची जागा खाल्ली. भोकावर एक खापरी ठेवली की माती वाहत न्हाय, बास झालं."

"आमच्या वेळी घालायचे."

"तुमच्या वेळी ऊसबिलं पण वेळेवर व्हायची. ती गोष्ट येगळी."

दुसरी मातीची कुंडी, चांगली थोरली. हिच्यात लवंगी मिरची. खालची पानं हिरवी, शेंड्याची पानं मात्र लिंबासारखी पिवळी आणि त्यावर शिरांची हिरवी जाळी.

"हे लोह," तात्या लगेच म्हणाले. "हिच्यात काय घालता?"

सूनबाईनं मागं वळून दाराकडं बघितलं आणि आवाज बारीक केला. "सासूबाई दर आठवड्याला ओंजळभर राख टाकतात. किडा लागत नाही म्हणतात."

"राख कुठली? आता तर घरोघरी गॅस."

"कारखान्याच्या बॉयलरची. भाऊजी पोतं घेऊन आलेत."

आक्का पदर तोंडाला लावून हसल्या. "सासूचं मन मोठं हाय गं. चिमूटभर सांगितलं तर ओंजळ."

तात्यांना मात्र हसू आलं नाही. आपल्या भागातली जमीन मुळात चुनखडीची, सामू (पीएच) आठाच्या आसपास किंवा वरच. मिरचीला सहा ते सात सामू मानवतो. त्यात राख म्हणजे आणखी चुना आणि आणखी पालाश. मातीत लोह भरपूर असतं, पण सामू चढला की ते गंजासारखं घट्ट होऊन बसतं आणि मुळाला उचलता येत नाही.

"वाळलेल्या मातीच्या ढेकळावर लिंबू पिळून बघा. चुना जास्त असंल तर बारीक फसफस दिसते. शेतकी खात्यात आम्ही ॲसिडची बाटली घेऊन फिरायचो, थेंब टाकला की कळायचं."

"मग खिळे पुरून ठेवू का? मोबाइलवर सांगतात, गंजके खिळे मातीत पुरले की लोह मिळतं."

"अहो, गंज तर मातीत आधीच हाय. झाडाला तो खाता येत न्हाय, हेच तर दुखणं! हिराकस आणा. शेतीच्या दुकानात फेरस सल्फेट म्हणून मागा. तेही ह्या मातीत ओतलं तर थोड्या दिवसांत अडकून बसतं, म्हणून पानावर फवारायचं. लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम आन् चिमूटभर लिंबूसत्त्व. संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. आठवड्यानं परत एकदा. मातीतनंच द्यायचं असंल तर चिलेटेड लोह मिळतं. त्यात डब्यावर ईडीडीएचए लिहिलेलं बघून घ्या. ईडीटीए लिहिलेलं फवारायला चालतं, पण आपल्या मातीत टिकत न्हाय."

"आणि राख?"

"ती बंद. पण सासूला तू सांगू नको," आक्का म्हणाल्या. "मी सांगते. हळदीकुंकवाला येतील तवा विषय काढते. माझ्या तोंडनं गेलं तर राग माझ्यावर निघंल, तुझ्यावर न्हाय."

"आक्का, आणि खालच्या पानाला अशी जाळी पडली तर?"

"तर मॅग्नेशियम," उत्तर तात्यांनी दिलं. "शिरा हिरव्या, मधे पिवळं, पण पान जुनं. पालाश फार झालं तरी मॅग्नेशियम उचललं जात न्हाय. तुमच्या राखेनं तेही दुखणं पुढं आणलं असतं."

तिसरा होता तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा. झाड बोटभर. सगळंच फिकट, ना धड हिरवं ना धड पिवळं. लावलं तेवढंच अजून.

"ह्यात नुसतं खत आहे, आक्का. ट्रॉली उलटली होती ना पलीकडच्या गल्लीत, प्रेसमडची? तेव्हा सगळ्यांनी घमेली भरून नेलं. मीही नेलं."

"त्या ट्रॉलीवरनं भांडणं झाली तीच ना? ज्याच्या शेतात जायची होती तो अजून बोलत न्हाय गल्लीशी."

"ताजं होतं का? हाताला गरम लागत होतं?" तात्यांनी विचारलं.

"हो, वाफ येत होती."

"मग झालं. उसाचा रस चुना आन् गंधकानं निवळताना जो गाळ राहतो ते प्रेसमड. शंभर टन उसामागं तीन-चार टन निघतं. खत म्हणून लय भारी, पण कुजल्यावर. कच्च्यात साखर असते, मेण असतं. ते कुजाया लागलं की तापतं आन् कोवळी मुळं होरपळत्यात. शिवाय कुजवणारे जिवाणू आधी स्वतःचं पोट भरत्यात, मातीतलं नत्र तेच खात्यात. झाडासमोर ताट वाढलेलं दिसतं, घास मिळत न्हाय."

"उसाचा चोथा, ते बगॅस, मिसळलं तरी तसंच?"

"त्याहून वाईट. त्यात नत्र जवळजवळ न्हायच. वर आच्छादन म्हणून पसरा, मातीत कालवू नका. प्रेसमडचा ढीग सावलीत करा, ओला ठेवा, पंधरवड्यानं खालवर करा. दोन-तीन महिन्यांनी वास गेला, ऊब गेली, चहापत्तीसारखं मोकळं झालं की वापरा. तेही चार भागात एक भाग. बाकी दोन भाग पोयटा आन् एक भाग जाडी वाळू न्हायतर विटांचा चुरा."

"आन् पत्र्याचा डबा बदल बाई," आक्का म्हणाल्या. "आत्ता ठीक हाय. चैत्रात हात लावून बघ, चटका बसंल. मुळं भाजून निघतील. न्हायतर बाहेरनं गोणपाट गुंडाळ आन् दोन कुंड्यांच्या मधी सावली पडंल असं ठेव."

चौथी कुंडी नळाशेजारची. आक्कांनी मातीला हातच लावला नाही. नखानं कुंडीचा काठ खरवडला, पांढरी पूड निघाली.

"हे पाणी बोअरचं?"

"हो. नळाला एक दिवसाआड येतं ना, ते प्यायला ठेवतो. झाडांना बोअरचं."

"गिझर किती वेळा बिघडला?"

सूनबाई बघतच राहिली. "दोनदा. मेकॅनिक म्हणाला, कॉईलवर खडा धरतोय."

"तोच खडा मिरचीच्या मुळावर धरतोय."

ह्या पांढऱ्या पुटामागं कालव्याच्या टापूची गोष्ट आहे. कालवा आला, ऊस आला, पाटानं रात्रंदिवस पाणी दिलं गेलं. निचरा कमी असलेल्या काळ्या जमिनीत पाण्याची पातळी वर आली, तिच्याबरोबर क्षार वर आले आणि कैक चांगल्या जमिनी खारपड झाल्या, काही चोपण. नीरेच्या टापूत हा त्रास फार जुना. शेतात जे एकरांत घडलं तेच कुंडीत लवकर घडतं, कारण बोअरचं पाणी रोज पडतं, पाणी उडून जातं आणि क्षार तिथंच साठत राहतात. पानाच्या कडा आधी पिवळ्या होतात, मग करपतात. झाड खुरटतं.

"मिरची तशी नाजूकच ह्या बाबतीत," तात्या म्हणाले. "मातीची क्षारता दीडच्या वर गेली की उत्पन्न घटाया लागतं. ऊस त्या मानानं सोसतो. माती-पाणी तपासून घ्यायचं असंल तर मोहोळला कृषी विज्ञान केंद्र हाय, राहुरी विद्यापीठाचं. तिथं चौकशी करा."

"आणि युरिया? ह्यातच टाकला होता मी चमचाभर."

"त्यात जवळजवळ निम्मं नत्र, 46 टक्के. एकराला पोत्यानं टाकत्यात ते एकरभर मातीत जिरतं. एवढ्याशा कुंडीत चमचा म्हणजे खारावर आणखी खार. उपाय एकच. गोडं पाणी घ्या, कुंडीच्या दुप्पट. सावकाश, थांबून थांबून ओता आन् खालनं सगळं वाहू द्या. ताटली ठेवू नका, न्हायतर वाहून आलेलं परत आत शोषलं जातं. पावसाळ्यात गच्चीचं पाणी पिंपात धरा. आपल्याकडं पाऊस तो किती, पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर. पण कुंड्यांपुरता पुष्कळ झाला."

"समोरच्या काकूंना सांगायला पाहिजे, त्यांनी सगळ्या आळीला युरिया सांगितलाय."

"त्यांना आता काय सांगू नको. पोराच्या लग्नाची बोलणी चाललीत. पोरगी बी.एस्सी. ॲग्री हाय. ती आली की तीच सांगंल सासूला."

"खरंच? मला कुणी बोललंच नाही!"

"अजून कुणालाच बोलायचं न्हाय. तात्या, तुम्ही पण."

"मला कालच कळलंय," तात्या शांतपणे म्हणाले.

पाचव्या कुंडीकडं बघून दोघांच्याही तोंडून एकच शब्द आला. "बोकड्या."

शेंड्याची पानं बारीक, सुरकुतलेली, वळलेली. पिवळेपणा होता, पण खरं दुखणं वळण्याचं. आक्कांनी सूनबाईकडून पांढरा कागद मागवला, शेंडा त्यावर झटकला. सुईच्या टोकाएवढे, पिवळसर, लांबट जीव कागदावर पळायला लागले.

"फुलकिडे. पानाच्या कडा वर वळल्यात बघ, होडीसारख्या. हे फुलकिड्याचं काम. कडा खाली वळल्या आन् देठ लांबला तर कोळी. तो भिंगाबिगर दिसत न्हाय."

"आणि पांढरी माशी?"

"ती स्वतः रस खाते ते थोडं, पण चुरडामुरड्याचा विषाणू आणून सोडते ते लय. तो एकदा झाडात शिरला की कुठल्या बाटलीनं जात न्हाय. पानं गुच्छासारखी बारीक झाली, झाड बसलं, फूल धरंना, की उपटायचं आन् पिशवीत बांधून टाकायचं. शेजारच्या कुंडीला झटकायचं न्हाय."

तात्यांना 2021 आठवलं. त्या हंगामात आंध्र-तेलंगणात काळपट रंगाच्या नव्या फुलकिड्यानं मिरचीची शेतंच्या शेतं बसवली होती. हा मूळचा आपला किडा नाही. 2015 मध्ये बेंगळुरूकडं पपईवर तो पहिल्यांदा सापडला आणि मग मिरचीत शिरला. पानाऐवजी फुलात घर करतो, म्हणून फवारा त्याच्यापर्यंत पोचत नाही. माणसं हादरून एकावर एक औषधं मारत गेली, मित्रकिडे मेले आणि फुलकिडे उरले.

"म्हणून घरच्या मिरचीवर जहाल औषध मारायचंच न्हाय," आक्का म्हणाल्या. "तीच मिरची उद्या ठेच्यात जायची. सकाळी पानाच्या खालनं पाण्याची जोरात धार मार. निंबोळ्या कुटून पन्नास ग्रॅम रातभर लिटरभर पाण्यात भिजव, सकाळी गाळ, साबणाचे दोन थेंब टाक, संध्याकाळी फवार. आठवड्यानं परत. निळे चिकट कागद फुलकिड्याला, पिवळे पांढऱ्या माशीला. कोळी असंल तर पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला दोन ग्रॅम, पण ऊन कडक झाल्यावर न्हाय, पान करपतं."

"आणि चहाचा चोथा?"

"धुतलास का?"

"नाही."

"साखरेचा चोथा, मुंग्या आल्या. मुंग्या आल्या की मावा आला, मुंग्याच त्याची राखण करत्यात. जाऊबाईला म्हणावं, चोथा धुऊन, वाळवून, कंपोस्टात घाल."

"ताक-हिंग?"

"ताक प्यायचं. हिंग फोडणीत. मिरचीवर मारलंस म्हणून काय बिघडत न्हाय, पण हे पाच रोग त्यानं जायचे न्हायत."

सहावी कुंडी सगळ्यात लहान, आइस्क्रीमच्या डब्याएवढी. सूनबाईच्या भावाची बदली गुवाहाटीला झालेली, त्यानं पाठवलेल्या बियांचं रोप. भूत जोलोकिया. 2007 मध्ये गिनीजनं जगातली सगळ्यात तिखट मिरची म्हणून नोंदवली ती, दहा लाख स्कोव्हिलच्या वर.

"एवढी तिखट खाणार कोण?" तात्यांनी विचारलं.

"भाऊजींचं म्हणणं आहे, ते खातील."

"तुझा दीर संकेश्वरीच्या ठेच्याला पाणी पितो, हे सगळ्या आळीला ठाऊक हाय," आक्का म्हणाल्या. "आण इकडं."

खालची पानं सगळी एकसारखी पिवळी, शिरांसकट. दोन गळलेली. शेंडा हिरवा. माती कोरडी, हलकी. डबा उलटा केल्यावर माती जशीच्या तशी बाहेर आली. कडेनं पांढऱ्या मुळांची गुंडाळीच झालेली.

"हिची मुळं बघ, एकदम निरोगी. जागा संपली आन् खाणं संपलं. हिला खरंच नत्र पायजे. बारा इंची कुंडी घे, नवी माती भर. दोन-चार दिवसांनी 19:19:19 चं विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम, आठवड्यातनं एकदा. न्हायतर महिन्याला दोन मुठी कुजलेलं शेणखत. आन् ही जातच मुळात संथ. उगवायलाच तीन-तीन आठवडे घेते. लवंगीबरोबर तिची शर्यत लावू नको."

"थंडीनंही बसली असंल," तात्या म्हणाले. "मिरचीला 20 ते 30 अंश आवडतात. रात्र 15 च्या खाली गेली की वाढ थांबते. पौषात सगळ्याच मिरच्या बसत्यात, त्यात घाबरायचं काय न्हाय. आता पुढं उलटं होईल. 35 च्या वर गेलं की फूल गळतं, आन् आपल्याकडं वैशाखात 42. दुपारच्या उन्हाला हिरवी जाळी बांधा, एवढंच. पुढच्या वेळी बी घेताना राहुरीची फुले ज्योती बघा. झुपक्यानं मिरच्या लागत्यात, घरच्याला बरी."

सूनबाईनं सहाही कुंड्या ओळीनं लावल्या आणि मोबाइलमध्ये टिपून घेतलं. बादली गुदमरलेली. कुंडी राखेनं अडलेली. डबा कच्च्या खतानं होरपळलेला. नळाजवळची खारावलेली. पाचवीला कीड. सहावी उपाशी.

"म्हणजे आक्का, सहात खत हवं होतं ते एकटीला. आणि मी दिलं बाकीच्या पाचांना!"

"सगळ्या गावाचं तसंच हाय," तात्या म्हणाले. "आयुष्यभर शेतकऱ्यांच्या बांधावर हिंडलो. ऊस पिवळा दिसला की युरियाचं पोतं. कुणी खाली वाकून मूळ बघितलं न्हाय. कमी पडून बिघडलेली पिकं मी थोडी बघितली, जास्त झाल्यानं बिघडलेली पुष्कळ."

आतून सासूबाईंची हाक आली. आक्कांनी सूप उचललं आणि जाता जाता बजावलं:

"ध्यानात ठेव. मिरची पिवळी दिसली की आधी हात आवरायचा. पान बघायचं, खालचं का वरचं. बोट घालायचं, ओलं का कोरडं. काठ खरवडायचा, शेंडा कागदावर झटकायचा आन् तरी कळलं न्हाय तर कुंडी उलटी करून मूळ बघायचं. एवढं सगळं फुकट हाय. पाकिटाला हात त्याच्यानंतर. आन् ते लग्नाचं कुणाला बोलू नको."